भारतीयांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी होतो, मग न्यू जर्सीत पंचेचाळिशीला कोलोनोस्कोपी कशाला?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे मूळचे साताऱ्याचे, वय ४६, बरीच वर्षं न्यू जर्सीत. घरात पिढ्यान्‌पिढ्यांचा शाकाहार. तिथल्या डॉक्टरांनी काहीही तक्रार नसताना कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घ्यायला सांगितली. जगात हा कॅन्सर सर्वांत कमी असणाऱ्या देशांत भारत येतो हे त्यांच्या वाचनात आलं आहे, तेव्हा अमेरिकी गोऱ्यांसाठी आखलेली ही तपासणी आपल्याला कशाला, असं त्यांना वाटतं. शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलंय की साताऱ्यातल्या थोरल्या भावाच्या शौचातून अधूनमधून रक्त जातं, पण ‘मूळव्याधच असणार, आपल्याकडे हा कॅन्सर कुठे असतो’.

उत्तर आधीच सांगून टाकतो. तुम्ही तपासणी करून घ्या. आणि भावाला तुमच्याही आधी डॉक्टरांकडे पाठवा. त्यांच्याबद्दल जे तुम्ही जाता जाता लिहिलंत, तेच मला या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तुमचं वाचन चुकीचं नाही. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षभरात मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कॅन्सरचे १९ लाखांहून जास्त नवे रुग्ण आढळले आणि ९ लाखांहून जास्त लोक त्यानं दगावले. पण हे रुग्ण जगभर सारखे पसरलेले नाहीत. प्रत्येक देशात म्हाताऱ्यांचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून वयाचा फरक काढून टाकून तुलना करतात. तशी तुलना केली की डेन्मार्क, नॉर्वे, हंगेरी या देशांत वर्षाला दर लाखामागे ४० हून जास्त रुग्ण दिसतात. भारतात हा आकडा ५ च्या आसपास आहे. म्हणजे आठ-नऊपट फरक. आपल्याकडे नोंदीच नीट होत नाहीत म्हणून आकडा कमी दिसतो, असं काही जण म्हणतात. त्यात थोडं तथ्य आहे, पण थोडंच. मुंबईची कॅन्सर नोंदणी १९६३ पासून चालू आहे आणि ती चांगल्या दर्जाची मानली जाते. तिथेही हा कॅन्सर पाश्चात्त्य शहरांच्या मानानं बराच कमी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली, आणि तिथला आकडा मुंबईपेक्षाही खाली आहे. एकाच राज्यात, एकाच भाषेच्या माणसांत बार्शी आणि मुंबई यांच्यात फरक पडतो, तो वंशामुळे पडत नसणार हे उघड आहे.

वंश आणि राहणीमान यांची फोड करायची तर स्थलांतर केलेल्या माणसांकडे बघावं लागतं. या विषयातला सगळ्यात बोलका पुरावा तिथेच आहे. १९६८ मध्ये हेन्झेल आणि कुरिहारा या दोन संशोधकांनी जपानहून अमेरिकेत गेलेल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी जपानात जठराचा कॅन्सर प्रचंड होता आणि मोठ्या आतड्याचा अगदी कमी. अमेरिकेत बरोबर उलट. जपानी माणूस अमेरिकेत आला तरी त्याचा जठराच्या कॅन्सरचा धोका हळूहळूच उतरत होता, पुढच्या पिढीत जास्त. मोठ्या आतड्याचं मात्र तसं नव्हतं. स्वतः जहाजानं आलेल्या पहिल्या पिढीतच तो धोका अमेरिकी गोऱ्यांच्या जवळ जाऊन पोचला. एका आयुष्यात माणसाची जनुकं बदलत नाहीत. ताट बदलतं, कष्ट बदलतात, वजन बदलतं, आतड्यातले जिवाणू बदलतात. पुढे तर जपाननं स्वतःच हे सिद्ध केलं: लोक देशातच राहिले, राहणी बदलली, आणि आज जपान या कॅन्सरच्या बाबतीत वरच्या देशांत गणला जातो.

भारतीयांचं चित्र याहून थोडं निराळं आहे. अमेरिकेतल्या आशियाई लोकांत भारतीय वंशाच्यांचा आकडा कमीच असतो. चिनी, जपानी, कोरियन यांच्यापेक्षा खाली. ब्रिटनमध्येही दक्षिण आशियाई लोकांत हा कॅन्सर गोऱ्यांपेक्षा कमी आढळतो. सिंगापूर तर या बाबतीत आयती प्रयोगशाळाच. एवढंसं बेट, एकच आरोग्यव्यवस्था, एकच नोंदणी; तरी चिनी वंशाच्या लोकांत हा कॅन्सर मलय आणि भारतीय वंशाच्या लोकांपेक्षा स्पष्टपणे जास्त. म्हणजे आपण जपान्यांइतक्या झपाट्यानं यजमानांसारखे झालो नाही. कदाचित डाळ-भाजी-पोळी आपण सोबत नेली म्हणून, कदाचित आणखी कशामुळे. पण यातून जो निष्कर्ष तुम्ही काढलात तो निघत नाही. कारण अमेरिकेतल्या भारतीयांचा आकडा तिथल्या गोऱ्यांपेक्षा कमी असला तरी भारतातल्या भारतीयांपेक्षा तो जास्त आहे. तुम्ही साताऱ्याचा आकडा न्यू जर्सीत वापरताय. गाव सोडून इतकी वर्षं झाल्यावर तो तुमचा राहिलेला नाही.

शाकाहाराबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण माझ्याकडे येणाऱ्या मराठी कुटुंबांत ‘आम्ही तर अंडंही खात नाही’ हे वाक्य निदान सांगितल्यावर हमखास ऐकू येतं. आहाराचा संबंध आहे, यात शंका नाही. युगांडात काम केलेले आयरिश सर्जन डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये मांडलं की आफ्रिकेच्या खेड्यांत हा आजार जवळपास दिसत नाही, आणि याचं कारण तिथल्या अन्नातला भरपूर चोथा (फायबर). ती मांडणी तेव्हा बरीचशी निरीक्षणावर उभी होती. २०१५ मध्ये स्टीफन ओकीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. पिट्सबर्गमधले २० आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळच्या खेड्यातले २० जण घेतले आणि दोन आठवडे त्यांच्या ताटांची अदलाबदल केली. अमेरिकेतल्यांचा रोजचा चोथा १४ ग्रॅमवरून ५५ ग्रॅमवर नेला. आफ्रिकेतल्यांना बर्गर-फ्राइज धर्तीचं चरबीयुक्त जेवण देऊन त्यांचा ६६ वरून १२ वर आणला. अवघ्या दोन आठवड्यांत आतड्याच्या अस्तराची सूज, पेशींच्या वाढीचा वेग, जिवाणूंची कामं या सगळ्या गोष्टी उलटसुलट झाल्या. चोथा आंबवून जिवाणू ब्यूटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. आतड्याच्या पेशींचं ते आवडतं इंधन, आणि ते कॅन्सरच्या विरोधात काम करतं असं मानलं जातं. चोथा वाढवलेल्या गटात ते वाढलं, दुसऱ्यात घटलं. दोन आठवड्यांत कोणाला कॅन्सर होत नाही की टळत नाही, त्यामुळे या प्रयोगाचा अर्थ ताणू नये. पण दोन्ही गट आफ्रिकी वंशाचे होते आणि त्यांच्या-त्यांच्या भागातल्या या कॅन्सरच्या आकड्यांत दहापटीहून जास्त फरक होता, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

मांसाबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, बेकन, हॅम, हे निश्चित कॅन्सरकारक गटात टाकलं. रोज ५० ग्रॅममागे धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो असा तो अंदाज. हे तुमच्या ताटात नाही, चांगलं आहे. पण शाकाहारी म्हणजे चोथा खाणारा असं नव्हे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि पालेभाजी हाही शाकाहार. ब्रेड, चीज, बटाटा, साबुदाणा आणि मैद्याची बिस्किटं हाही शाकाहारच. अमेरिकेतल्या सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांच्या मोठ्या अभ्यासात शाकाहाऱ्यांना हा कॅन्सर सुमारे एकपंचमांशानं कमी आढळला, आणि त्यांच्यातही सगळ्यात कमी आढळला तो मासे तेवढे खाणाऱ्यांना, ज्यांना त्या अभ्यासात शाकाहाऱ्यांतच धरलं होतं. (मालवणकरांनी फार खूश होऊ नये, तळलेल्या सुरमईचा तो अभ्यास नव्हता.) याउलट ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाच्या सुरुवातीच्या निष्कर्षांत शाकाहाऱ्यांत हा कॅन्सर थोडा जास्तच निघाला होता. तेव्हा शाकाहारानं मदत होत असेलही, पण त्याच्या भरवशावर तपासणी टाळण्याइतकी ती मदत मोठी नाही. शिवाय वजन, पोटाचा घेर, बैठं काम, दारू, तंबाखू आणि मधुमेह या सगळ्यांनी हा धोका वाढतो, आणि परदेशातल्या आपल्या माणसांत पोट आणि मधुमेह या दोन गोष्टींची कमतरता नाही.

‘आपल्या लोकांचा धोका’ असा एकच आकडा धरून चालणं किती फसवं असतं हे तुमच्या अमेरिकेतच दिसतं. अलास्कातल्या मूळ रहिवाशांमध्ये या कॅन्सरचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक नोंदींपैकी आहे, अमेरिकी गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त. म्हणून त्यांच्यासाठी तपासणी ४० व्या वर्षीच सुरू करायची शिफारस आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांत हा आजार गोऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त होतो आणि मृत्यू सुमारे ४० टक्के जास्त. या दोन आकड्यांमधलं अंतर महत्त्वाचं आहे. आजार होतो २० टक्के जास्त, मग मरण ४० टक्के जास्त का? मधल्या जागेत उशिरा झालेलं निदान, विमा नसणं, उपचाराला लागलेला वेळ हे सगळं बसलेलं असतं. डेलावेअर राज्यानं २००० च्या दशकात हे करून पाहिलं: तपासणी सगळ्यांना परवडेल अशी केली, लोकांना हाताला धरून तपासणीपर्यंत आणि पुढे उपचारांपर्यंत नेणारे कार्यकर्ते नेमले. २००९ पर्यंत तिथल्या कृष्णवर्णीयांचं तपासणीचं प्रमाण गोऱ्यांइतकं, ७४ टक्क्यांवर आलं, आजाराचं प्रमाण जवळपास सारखं झालं आणि मृत्यूंमधली तफावत बहुतेक मिटली. जिला अनेक जण जन्मजात समजत होते, ती तफावत बरीचशी व्यवस्थेनं तयार केलेली निघाली.

तपासणीमुळे आकडे दुसऱ्या बाजूनंही हलतात. एखाद्या देशानं सार्वत्रिक तपासणी सुरू केली की पहिली काही वर्षं रुग्णसंख्या उसळते, कारण लपलेले कॅन्सर एकदम उघडे पडतात. मग ती खाली येऊ लागते, कारण कॅन्सर होण्याआधीचे कोंब, म्हणजे पॉलिप, काढून टाकलेले असतात. दक्षिण कोरिया २०१२ च्या जागतिक यादीत सगळ्यात वर होता. तिथे २००४ पासून राष्ट्रीय तपासणी चालू होती आणि त्यानंतर तिथला आकडा उतरत गेला. म्हणून एखाद्या वर्षाची यादी बघून अमुक देश वाईट, तमुक चांगला असं ठरवू नये. यादी आजार मोजते तशी शोधाशोधही मोजते.

आता तरुणांचा मुद्दा, ज्यावर व्हॉट्सॲपवर फार गोंधळ आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं आपल्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला तेव्हा त्यांचं सरासरी वय ४७ च्या आसपास निघालं. पश्चिमेकडे ते साठीच्या पुढे असतं. यावरून ‘भारतात हा तरुणांचा आजार आहे’ अशी बातमी होते. जरा थांबा. भारतात निम्म्याहून जास्त लोक तिशीच्या आतले आहेत. कुठल्याही रुग्णालयात, कुठल्याही आजाराचे तरुण रुग्ण आपल्याकडे जास्त दिसणारच. शिवाय सत्तरीच्या आजोबांना मोठ्या शहरातल्या रुग्णालयापर्यंत घेऊन येणारी कुटुंबं कमी असतात, तिशीतल्या कमावत्या मुलाला मात्र कुठूनही आणतात. इजिप्तमध्येही तरुण रुग्णांचा असाच मोठा वाटा दिसत आला आहे. खरा प्रश्न रुग्णांत तरुण किती हा नाही, तरुणांत रुग्ण किती हा आहे. २०२४ च्या अखेरीस ५० देशांच्या नोंदींची तुलना प्रसिद्ध झाली. त्यात २५ ते ४९ वयोगटात ऑस्ट्रेलियात दर लाखामागे १६.५, तर भारतात ३.५, म्हणजे यादीत सगळ्यात कमी. तेव्हा भारतीय तरुणाला हा कॅन्सर होण्याची शक्यता पाश्चात्त्य तरुणापेक्षा कमीच आहे.

पण अमेरिकेत, म्हणजे तुम्ही जिथे आहात तिथे, पन्नाशीच्या आतल्यांत तो खरोखर वाढतो आहे. त्या ५० पैकी २७ देशांत ही वाढ दिसली. अमेरिकेत १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना १९५० च्या आसपास जन्मलेल्यांच्या तुलनेत, त्याच वयात, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट आहे असं २०१७ च्या अभ्यासात निघालं. तपासणीचं वय ५० वरून ४५ वर आणलं गेलं ते यामुळे, २०२१ मध्ये. पिढीनुसार धोका वाढतो याचा अर्थ लहानपणापासून काहीतरी बदललंय. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. काही ई. कोलाय जिवाणू कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात आणि ते पेशींच्या डीएनएवर ठरावीक खुणा सोडतं. चाळिशीच्या आतल्या रुग्णांत या खुणा सत्तरीपुढच्यांपेक्षा तिपटीहून जास्त वेळा सापडल्या. त्या बहुधा बालपणीच उमटत असाव्यात असा त्या संशोधकांचा अंदाज. काही खुणा देशादेशांत वेगळ्याही निघाल्या. त्या ११ देशांत भारत नव्हता, ही मला त्यातली खटकणारी बाब. आपल्या मुलांच्या पोटातल्या जिवाणूंवर अँटिबायोटिकांचा जो मारा होतो, तो पाहता आपल्याकडे हे काम व्हायलाच हवं.

अनुवंशाचं लवकर आटोपतो. लिंच सिंड्रोम हा जनुकीय दोष या कॅन्सरच्या १०० रुग्णांपैकी साधारण तिघांत असतो आणि तो कुठल्याही देशात, कुठल्याही जातीत आढळतो. घरात तिघांना हा कॅन्सर, दोन पिढ्यांत, आणि त्यातल्या एकाला तरी पन्नाशीच्या आत, असं असेल तर जनुकीय सल्ला घ्यावा. त्यात गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही धरतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. अडचण अशी की आपल्या घरांत आत्या ‘पोटाच्या दुखण्यानं गेली’ यापलीकडे कोणाला काही ठाऊक नसतं. वडिलधारे आहेत तोवर विचारून घ्या: कोणाला, कशाचा, कितव्या वर्षी. सख्ख्या नात्यात कोणाला साठीच्या आत हा कॅन्सर झाला असेल तर तपासणी ४० ला, किंवा त्या व्यक्तीच्या निदानाच्या वयापेक्षा १० वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा सुरू करतात.

आतड्याच्या कुठल्या भागात गाठ होते यातही फरक आहे. कृष्णवर्णीय अमेरिकनांत आणि वयस्कर स्त्रियांत उजव्या बाजूला जास्त. तिथली गाठ रक्त दाखवत नाही, नुसता पंडुरोग करते, आणि मग महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या चालू राहतात. भारतातल्या रुग्णांत गुदाशयाचा वाटा मोठा आहे, म्हणजे अगदी शेवटच्या वीतभर भागाचा. त्यातल्या बऱ्याच गाठी डॉक्टरांच्या हातमोज्यातल्या बोटाला लागतात. यंत्र लागत नाही, खर्च नाही, दोन मिनिटांचं काम. तरीही रुग्ण आमच्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्या पिशवीत मलमं, चूर्णं आणि मूळव्याधीच्या दोन-तीन इलाजांच्या चिठ्ठ्या असतात, आणि बोट घालून तपासणी कोणीच केलेली नसते. भारतातल्या रुग्णांपैकी पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ४० टक्क्यांच्या आत आहे. दक्षिण कोरिया आणि ऑस्ट्रेलियात ते ७० च्या आसपास. आजार विरळा असल्यामुळेच कोणाला तो सुचत नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे असं माझं मत आहे.

आता तुमच्या भावाकडे. भारतात या कॅन्सरची सार्वत्रिक तपासणी नाही. सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, हा नाही. लाखात पाच रुग्ण असताना सगळ्यांची कोलोनोस्कोपी करत सुटणं शहाणपणाचं नाही, तेव्हा ते धोरण मला मान्य आहे. पण देशाचा आकडा उपयोगी पडतो तो तक्रार नसलेल्या माणसासाठी. रक्त दिसायला लागल्यावर तुमचा भाऊ लाखातला एक राहत नाही. तो रक्तस्राव होणाऱ्यांतला एक होतो, आणि तिथलं गणित वेगळं. बहुतेक वेळा मूळव्याधच निघते. तरी चाळिशीपुढच्या माणसाला रक्त जात असेल, किंवा शौचाची सवय महिनाभर बदललेली असेल, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटत नसेल, उगाच वजन उतरत असेल, पुरुषात हिमोग्लोबिन विनाकारण कमी असेल, तर सर्जनकडून बोटानं तपासणी आणि मग दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची. मूळव्याध सापडली म्हणून थांबायचं नाही. एकाच माणसाला दोन्ही असू शकतं. शौचाच्या नमुन्यातलं न दिसणारं रक्त शोधणारी फिट नावाची चाचणी मोठ्या शहरांतल्या लॅबमध्ये होते, पण ती तक्रार नसलेल्यांसाठी. रक्त डोळ्यांनी दिसत असताना ती करून, अहवाल चांगला आला म्हणून स्वस्थ बसू नका.

तुमच्यासाठी: घरात कोणाला हा आजार नसेल आणि कोलोनोस्कोपीची धास्ती असेल, तर दरवर्षी फिट चाचणी हा मान्य पर्याय आहे. तिच्यात दोष निघाला तर मात्र कोलोनोस्कोपी टाळता येत नाही. सरळ कोलोनोस्कोपी केलीत आणि सगळं स्वच्छ निघालं, तर पुढची १० वर्षांनी. पॉलिप निघाला तर तो तिथल्या तिथे काढतात आणि पुढची तपासणी त्याच्या प्रकारावर ठरते. त्या अहवालाची प्रत भावाला पाठवा, कारण तुमच्यात मोठा पॉलिप सापडला तर त्यांच्या डॉक्टरांना ते माहीत असायला हवं.